सुळा महिन्याभरात किती सरकला? ऑर्थोडॉन्टिक्समधील प्रबंध कसा आखावा

ऑर्थोडॉन्टिक्स, म्हणजे वेडेवाकडे दात सरकवून जागेवर आणण्याची शाखा, घेऊन एमडीएस या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला विभागात रुळण्याआधीच सिनॉप्सिसची (प्रबंधाच्या आराखड्याची) तारीख समोर दिसू लागते, आणि मग ग्रंथालयातले जुने प्रबंध चाळून, त्यांतला एखादा विषय थोडा फिरवून घेण्याकडे कल होतो. विषय जुना असण्याला माझी हरकत नाही. जुना प्रश्न नीट मोजला गेला नसेल, तर तो पुन्हा मोजणे हेही संशोधनच आहे. हरकत आहे ती आधी तंत्र ठरवून मग त्याला साजेसा प्रश्न शोधण्याला. विभागात लेझर आले म्हणून लेझरवर प्रबंध, सीबीसीटीचे (त्रिमितीय एक्स-रेचे) यंत्र बसले म्हणून सीबीसीटीवर प्रबंध, असे झाले की तीन वर्षांचे श्रम अशा उत्तरावर खर्च होतात ज्याची रुग्णाला किंवा डॉक्टरला गरज नसते.

पुढील विवेचनासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरतो, कारण सर्वसाधारण सूचनांनी काम होत नाही. वरच्या जबड्यातील पहिल्या उपदाढा (सुळ्यामागचे दात) काढल्यानंतर सुळा मागे सरकवायचा असतो. हा टप्पा अनेक महिने चालतो, कारण सुळा साधारणपणे महिन्याला एक मिलिमीटरच्या आसपास सरकतो. हाडाला बारीक छिद्रे पाडली, म्हणजे मायक्रो-ऑस्टिओपर्फोरेशन केले, तर हा वेग वाढतो का, असा आपला प्रश्न आहे. इजा झालेल्या हाडात त्या जागेपुरती पुनर्रचना काही काळ वेगाने होते, हे हॅरॉल्ड फ्रॉस्ट यांनी १९८३ साली मांडले होते आणि या तंत्रामागचा तर्क तोच आहे. उत्तर ‘हो’ आले तर रुग्णाचे काही महिने वाचतील, ‘नाही’ आले तर त्याच्या हिरडीला विनाकारण होणारी इजा टळेल. दोन्ही उत्तरांचा कोणाला तरी उपयोग होतो, आणि प्रश्न निवडताना मी हीच कसोटी लावतो.

प्रश्न कागदावर उतरवताना कोणत्या वयाचे रुग्ण, कोणता उपाय, कशाशी तुलना, कोणते मोजमाप आणि किती काळ, हे पाचही मुद्दे एका वाक्यात यावेत. ‘मायक्रो-ऑस्टिओपर्फोरेशनच्या परिणामकारकतेचा अभ्यास’ हे शीर्षक झाले, प्रश्न नव्हे. त्यानंतर पबमेड आणि कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाच्या दोन संग्रहांत आधीचे काम शोधावे. शोधताना वापरलेले शब्द आणि तारीख वहीत लिहून ठेवावी, कारण दोन वर्षांनी प्रबंधाचे दुसरे प्रकरण लिहिताना तीच नोंद कामाला येते. आधीच्या लेखांचे निष्कर्ष वाचण्यापेक्षा त्यांचे प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत ते) आणि गळालेल्या रुग्णांची संख्या टिपून घ्यावी. पुढच्या टप्प्यावर हेच आकडे लागतात.

मोजपट्टी आधी तपासावी

बहुतेक प्रबंधांत मोजमापातील चूक तपासण्याचे काम शेवटी, एक परिच्छेद भरण्यापुरते केले जाते. माझ्या मते ते सर्वांत आधी, एकही रुग्ण घेण्यापूर्वी व्हायला हवे.

सुळा सरकला म्हणजे कशाच्या तुलनेत सरकला, हा पहिला प्रश्न. पहिल्या दाढेपासून अंतर मोजले, तर दाढही पुढे सरकलेली असते आणि दोन्ही हालचाली एकमेकींत मिसळतात. म्हणून वरच्या जबड्यात टाळूवरील वळ्यांचा आधार घेतात. त्यांतही तिसऱ्या वळीचे आतले, मध्यरेषेकडचे टोक तुलनेने स्थिर मानले जाते, तर बाहेरची टोके दात सरकल्यावर बदलतात. खालच्या जबड्यात असा आधार नाही, म्हणून पहिल्या प्रबंधासाठी वरचा जबडा बरा. दुसरा प्रश्न सुळा सरळ सरकला की नुसता कलला, हा आहे. मॉडेलवर, म्हणजे ठशावरून केलेल्या दातांच्या प्रतिकृतीवर, फक्त सुळ्याचे टोक मोजले, तर कललेला सुळा जास्त सरकलेला भासतो. त्यामुळे सुळ्याचा कल वेगळा नोंदवावाच लागतो.

आता मोजमापातील चूक किती, याचे गणित पाहू. वीस मॉडेल घ्यावीत, डिजिटल व्हर्नियर कॅलिपरने अंतर मोजावे, आकडे बाजूला ठेवावेत आणि दोन आठवड्यांनी पहिले आकडे न पाहता पुन्हा मोजावे. प्रत्येक जोडीतील फरकाचा वर्ग करावा, सर्व वर्गांची बेरीज करावी, तिला जोड्यांच्या संख्येच्या दुपटीने भागावे आणि वर्गमूळ काढावे. हे १९४० सालचे डालबर्ग यांचे सूत्र आहे. समजा, वर्गांची बेरीज १.६ आली. तिला ४० ने भागून वर्गमूळ काढले की चूक ०.२ मिलिमीटर येते. कॅलिपरवर शंभरावा भाग दिसत असला, तरी आपला हात आणि डोळा मिळून एवढेच अचूक मोजतो, असा त्याचा अर्थ.

०.२ मिलिमीटर हा आकडा लहान वाटतो, पण सुळ्याची हालचाल म्हणजे दोन मोजमापांतील फरक, आणि दोन्ही मोजमापांत चूक असते. त्यामुळे फरकातील चूक ०.२ च्या १.४१ पट, म्हणजे सुमारे ०.२८ मिलिमीटर होते. आपण दोन बाजूंमध्ये महिन्याला ०.३ मिलिमीटरचा फरक शोधत असू, तर एका महिन्याच्या अंतराने घेतलेल्या दोन मॉडेलांतून प्रत्येक रुग्णाविषयी विश्वासाने फारसे बोलता येणार नाही. तीच मोजणी चार महिन्यांच्या अंतराने केली, तर मासिक वेगातील चूक चौपटीने घटून ०.०७ वर येते. अभ्यासाचा कालावधी किती असावा, मधल्या काळात किती वेळा ठसे घ्यावेत, हे या छोट्याशा हिशेबावर ठरते. तो हिशेब दोन दुपारींत होतो. तो न केल्यामुळे वर्षभराची मॉडेल निरुपयोगी ठरल्याचे मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे.

डालबर्गचे सूत्र मुख्यतः यादृच्छिक, म्हणजे कधी कमी तर कधी जास्त येणारी, चूक दाखवते. दुसऱ्या वेळी सगळीच मोजमापे थोडी मोठी येत असतील, तर ती एकतर्फी चूक ओळखण्यासाठी दोन्ही वेळच्या आकड्यांवर जोडीची टी-चाचणीही (सरासरी फरक योगायोगाचा आहे का, हे पाहणारी) करावी. सेफॅलोग्राम (डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे) वापरणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. प्रतिमा मूळ आकारापेक्षा मोठी उमटते आणि किती मोठी, हे यंत्रावर अवलंबून असते, म्हणून दोन वेगवेगळ्या यंत्रांवरील रेषीय मोजमापे मोजपट्टीच्या खुणेशी जुळवल्याशिवाय एकत्र करू नयेत. एसएनए किंवा एएनबी यांसारख्या, जबड्यांची जागा दाखवणाऱ्या कोनांना हा त्रास होत नाही.

ठशांबद्दल थोडक्यात सांगतो. अल्जिनेट (ठसा घेण्याचे द्रव्य) उघड्यावर राहिले की आकसते आणि पाण्यात राहिले की फुगते, म्हणून ठसा धुऊन, निर्जंतुक करून लगेच स्टोन (मॉडेलसाठीचे टणक प्लास्टर) ओतावा. दिवसभराचे ठसे जमवून संध्याकाळी ओतण्याची सवय प्रबंधाच्या मॉडेलांपुरती तरी सोडावी. तोंडातच दातांची डिजिटल प्रतिमा घेणारा इंट्राओरल स्कॅनर असेल तर उत्तमच, पण स्कॅनच्या मोजमापांचीही वरच्याप्रमाणे तपासणी करावी.

दात म्हणजे रुग्ण नव्हे

दंतवैद्यकातील संशोधनाची एक अडचण इतर वैद्यकशास्त्रांत एवढी जाणवत नाही. एकाच तोंडात अठ्ठावीस ते बत्तीस दात असतात आणि त्या सर्वांना एकच लाळ, एकच आहार, एकच ब्रश आणि एकाच माणसाच्या सवयी वाट्याला येतात. खडीसाखर चावणाऱ्या मुलाचा एक ब्रॅकेट (तार अडकवण्यासाठी दातावर चिकटवलेला तुकडा) निघाला, तर दुसराही निघण्याची शक्यता जास्त असते. तरीही वीस रुग्णांच्या तोंडातील दोनशे ब्रॅकेट हे दोनशे स्वतंत्र नमुने समजून गणित केले जाते. माझ्या स्वतःच्या प्रबंधात मी हीच चूक केली होती आणि ती कोणाच्याही लक्षात आली नाही. निष्कर्ष ठळक दिसला, पण त्या ठळकपणाला आधार नव्हता, याची खंत मला अजून आहे.

ही चूक किती मोठी असते, ते पाहू. एका तोंडातील ब्रॅकेटमधील साम्याचा सहसंबंध (० म्हणजे साम्य नाही, १ म्हणजे पूर्ण साम्य) ०.३ धरला आणि प्रत्येक तोंडात दहा ब्रॅकेट असले, तर नऊ गुणिले ०.३ अधिक एक, म्हणजे ३.७ हा गुणक येतो. दोनशेला त्याने भागले की ५४ उरतात. दोनशे नोंदींमध्ये खरी माहिती सुमारे ५४ स्वतंत्र नोंदींएवढीच असते. म्हणून नमुनासंख्या रुग्णांत मोजावी, आणि एका रुग्णाचे अनेक दात घ्यायचेच असतील, तर स्टॅटिस्टिशियनशी सिनॉप्सिस लिहितानाच बोलून हे साम्य धरणारी पद्धत ठरवावी. आकडे गोळा झाल्यावर स्टॅटिस्टिशियनकडे गेले, तर तो चूक दाखवू शकतो, दुरुस्त करू शकेलच असे नाही.

एकाच तोंडात अनेक दात असण्याचा फायदाही करून घेता येतो. उजवीकडे उपाय आणि डावीकडे तुलना अशी स्प्लिट-माउथ रचना केली, की रुग्ण स्वतःच स्वतःची तुलना ठरतो. आपल्या उदाहरणात वेगाचे प्रमाण विचलन ०.४ मिलिमीटर आणि शोधायचा फरक ०.३ मिलिमीटर धरला, तर ८० टक्के पॉवर (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सार्थकतेसाठी (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) दोन वेगळे गट केल्यास प्रत्येकी २८ रुग्ण लागतात. स्प्लिट-माउथमध्ये दोन्ही बाजूंचा सहसंबंध ०.५ असेल, तर एकूण सुमारे १४ पुरतात. लहान नमुन्यासाठी दोन वाढवून आणि १५ टक्के गळती धरून १९ रुग्ण घ्यावेत. शोधायचा फरक ०.३ ऐवजी ०.२ धरला, तर दोन गटांच्या रचनेत प्रत्येकी २८ वरून थेट ६३ वर जावे लागते. म्हणूनच ‘रुग्ण तीस मिळतील’ असे आधी ठरवून त्याला शोभणारा फरक मागून बसवणे गैर आहे. रुग्णाच्या दृष्टीने अर्थ असलेला सर्वांत छोटा फरक आधी ठरवावा.

स्प्लिट-माउथचा धोका असा, की उपाय दुसऱ्या बाजूला झिरपतो. तोंडाने घेण्याचे औषध, चूळ, कंपन देणारे उपकरण यांचा परिणाम मध्यरेषेपाशी थांबत नाही, त्यामुळे अशा उपायांसाठी ही रचना वापरूच नये. हाडातील छिद्रांचा परिणाम स्थानिक असतो असे मानून ती येथे वापरली जाते. शिवाय दुखणाऱ्या बाजूने रुग्ण चावणे टाळतो, हेही नोंदवावे. कोणती बाजू उपायाची, हे क्रमांक घातलेल्या, अपारदर्शक, बंद पाकिटांतून ठरवावे, आणि ही पाकिटे तयार करणारी व्यक्ती उपचार करणाऱ्यापेक्षा वेगळी असावी. ‘एक आड एक’ ही पद्धत यादृच्छिक नव्हे, कारण पुढची बाजू कोणती येणार हे आधीच कळते. हिरडीला छिद्रे पडलेली रुग्णाला समजतातच, त्याच्यापासून ते लपवता येत नाही. पण मॉडेलवर नुसता सांकेतिक क्रमांक घालून मोजणाऱ्यापासून मात्र ते लपवता येते, आणि या अभ्यासात हे आंधळेपण सर्वांत मोलाचे आहे.

दोन्ही बाजूंचा जोर सारखा हवा. पॉवर चेन (ताणली जाणारी लवचीक साखळी) वापरली तर पहिल्या चोवीस तासांतच तिचा निम्म्याच्या आसपास जोर उतरतो, म्हणून निकेल-टायटॅनियमची क्लोज्ड कॉइल स्प्रिंग वापरावी आणि प्रत्येक भेटीत गेजने जोर मोजून लिहावा.

वाढत्या वयातील मुलांवर ट्विन ब्लॉकसारखी, खालचा जबडा पुढे आणणारी उपकरणे वापरून जबड्याची वाढ मोजू पाहणाऱ्यांना उपचार न घेतलेल्या गटाशिवाय काहीच म्हणता येत नाही, कारण जबडा उपकरणाशिवायही वाढतोच. ब्रिटनमध्ये केविन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी १७४ मुलांना उपचार किंवा प्रतीक्षा अशा दोन गटांत यादृच्छिकपणे विभागले आणि २००३ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत दाखवले, की ओव्हरजेट (वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या जितके पुढे असतात ते अंतर) कमी झाला तो मुख्यतः दात सरकल्यामुळे, हाडातील बदल त्या मानाने अल्प होता. तुलनागट नसता, तर मुलांची स्वाभाविक वाढ उपकरणाच्या खात्यावर जमा झाली असती.

परवानगी, नोंदणी आणि मराठीतील संमतिपत्र

संस्थेच्या एथिक्स कमिटीची लेखी मंजुरी मिळण्यापूर्वी एकही नोंद घेऊ नये. आपला अभ्यास उपचारांची चाचणी असल्याने तो क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये पहिला रुग्ण घेण्यापूर्वी नोंदवावा लागतो. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून केलेली नोंदणी तेथे स्वीकारली जात नाही, आणि नोंदणी नसलेली चाचणी अनेक चांगली नियतकालिके छापत नाहीत. या एका दिरंगाईमुळे पूर्ण झालेले काम कपाटात पडून राहिल्याची उदाहरणे प्रत्येक विभागात सापडतील. फक्त संशोधनासाठी जादा एक्स-रे काढण्याचा मोह टाळावा; उपचारासाठी लागणाऱ्या प्रतिमांतूनच उत्तर मिळेल अशी रचना करावी. संशोधनापुरत्या केलेल्या प्रक्रियेचा खर्च रुग्णाकडून घेऊ नये.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अठरा वर्षांखालील रुग्णासाठी पालकांची संमती लागतेच, शिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढील मुलाची लेखी अनुमतीही घ्यायची असते. ऑर्थोडॉन्टिक्सचे बरेचसे रुग्ण याच वयातले असल्यामुळे मुलासाठी वेगळा, त्याला समजेल असा कागद करावा लागतो. त्यात ‘अस्थिछिद्रण प्रक्रिया’ असे लिहू नये. ‘हिरडी बधिर करून सुळ्याच्या मागे तीन बारीक छिद्रे पाडली जातील, त्या दिवशी थोडे दुखेल, आणि तुला नको असेल तर नेहमीचे उपचार तसेच चालू राहतील’ असे लिहावे.

भाषेचा हा प्रश्न प्रश्नावलीच्या अभ्यासात अधिकच महत्त्वाचा ठरतो. इंग्रजी प्रश्नावलीचे मराठी भाषांतर एकाने करावे, ते मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने परत इंग्रजीत आणावे, आणि नंतर आठ-दहा रुग्णांना वाचायला देऊन ‘यातून तुम्हाला काय समजले’ असे विचारावे. ‘दातांची संवेदनशीलता’ या शब्दांना ओपीडीत कोणी ओळखत नाही, दात आंबतात किंवा शिवशिवतात असे म्हटले की लगेच उत्तर मिळते. ‘वेदना’ म्हणजे ठणका की सणक, हे रुग्ण स्पष्ट सांगतात, आणि त्या दोहोंचे निदान वेगळे असू शकते. तंबाखूविषयी तर फार जपून विचारावे लागते. ‘आपण तंबाखूचे सेवन करता का’ या प्रश्नाला रोज सकाळी मशेरी लावणारी बाई मनापासून ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी मशेरी हे दात घासण्याचे साधन आहे. विदर्भात खर्रा आणि इतरत्र मावा यांचीही नावे घेऊनच विचारावे. हे न करता काढलेली तंबाखूसेवनाची टक्केवारी खरी नसते.

दंतशिक्षणावरील अभ्यासात आपलेच विद्यार्थी सहभागी असतात, आणि गुण देणाऱ्या शिक्षकाने फॉर्म भरायला सांगितला तर ‘नाही’ म्हणणे विद्यार्थ्याला अवघड जाते. म्हणून संमती घेण्याचे काम त्यांना गुण न देणाऱ्या व्यक्तीने करावे. केवळ ‘आवडले का’ असे विचारून थांबू नये, कौशल्य मोजावे. रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ साली मांडलेली ओएससीई पद्धत (वेगवेगळ्या स्थानकांवर एकेक कौशल्य तपासणारी परीक्षा), किंवा फँटम हेडवर (सरावाच्या कृत्रिम डोक्यावर) केलेल्या कॅव्हिटीचे दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे केलेले गुणांकन आणि त्यांच्यातील कॅप्पा, यांतून उपयोगी माहिती मिळते. दोन परीक्षकांत नव्वद टक्के एकमत असले, तरी त्यातले योगायोगाचे एकमत वजा केल्यावर किती उरते, ते कॅप्पा सांगतो.

नोंदी आणि लेखन

मास्टर चार्ट, म्हणजे सर्व रुग्णांच्या नोंदींचा तक्ता, पहिल्या दिवसापासून भरावा. दातांसाठी एफडीआयची (जागतिक दंतवैद्यक महासंघाची) दोन अंकी पद्धत वापरावी, म्हणजे वरचा उजवा सुळा १३ आणि डावा २३. रिकामी चौकट आणि शून्य यांत गफलत होऊ देऊ नये. मोजले नाही आणि शून्य आले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कच्च्या नोंदीत मागाहून केलेली दुरुस्ती मूळ आकडा वाचता येईल अशी रेघ मारून, तारीख आणि सहीनिशी करावी.

रुग्ण गळणार, हे गृहीत धरावे. दहावीचे वर्ष आले की मुले भेटी चुकवतात, आणि बीडसारख्या भागातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीनंतर गाव सोडतात ती उन्हाळ्याच्या तोंडावरच परततात. रुग्ण निवडताना पुढच्या चार महिन्यांचे वेळापत्रक आपुलकीने विचारून घेतले, तर निम्मी गळती टळते असा माझा अनुभव आहे. जे तरीही गळतील त्यांची संख्या आणि कारणे प्रबंधात लिहावीत. ब्रॅकेट निघालेला रुग्ण सोयीसाठी वगळू नये.

निष्कर्ष लिहिताना पी-मूल्याआधी (प्रत्यक्षात फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याच्या शक्यतेआधी) दोन बाजूंमधील सरासरी फरक आणि त्याचा ९५ टक्के विश्वासांतराल (खरा फरक ज्या मर्यादांत असण्याचा संभव आहे तो पट्टा) मिलिमीटरमध्ये द्यावा. चार महिन्यांत मिळून फरक ०.०८ मिलिमीटर आणि पी-मूल्य ०.०३ असेल, तर सुळा थोडा लवकर सरकला हे खरे, पण रुग्णाचा एक आठवडाही त्यातून फारसा वाचणार नाही, हेही त्याच परिच्छेदात लिहिण्याचे धैर्य असावे. यादृच्छिक चाचणीसाठी कॉन्सॉर्टची आणि निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोबची, काय काय नोंदवावे हे सांगणारी तपासणीसूची लेखनाच्या शेवटी नव्हे, सिनॉप्सिसच्या वेळीच जवळ घ्यावी. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत इतरांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण ती मर्यादा आहे, मुभा नव्हे. दुसऱ्याच्या प्रबंधातील पूर्वसंशोधनाचे प्रकरण शब्द बदलून घेतले, तर त्यातील चुकाही आपल्या नावावर येतात.

फरक आढळला नाही, तर प्रबंध फसला असे समजून तो गाइडच्या कपाटात ठेवू नये. तसाच्या तसा लेख लिहून पाठवावा, रजिस्ट्रीतील नोंद निकालासह पूर्ण करावी, आणि मॉडेल व मास्टर चार्ट सांकेतिक क्रमांकांसह विभागात जमा करावा, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याला आपले प्रमाण विचलन घेऊन आपल्यापेक्षा चांगला नमुना ठरवता येईल.